त्याने वाघ का पाहू नये?

नाताळ व नववर्षाचे कार्यक्रम आटोपले, आंबिया बहाराची संत्री उतरली, की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील शब्बाथ शाळांना सहलीचे वेध लागतात. वर्षभर आदामाने प्राण्यांस दिलेली नावे आणि नोहाचे तारू शिकवून झालेले असते. आता मुलांना खरे प्राणी दाखवावेत असे शिक्षकांनाही वाटते. सावरगावासारख्या खेड्यातील मुलांना सहल म्हटली म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हटले म्हणजे वाघ. रोही आणि रानडुकरे पाहण्यासाठी आम्हांस कोठे जावे लागत नाही. ती रात्री आपण होऊनच तुरीत येतात. पेंचचा वाघ कधीमधी या बाजूच्या रानात फिरकल्याचे कानी येते, पण तेव्हा त्याला पाहण्याची हौस कोणासच नसते. जाळीपलीकडचा वाघ पाहावयाचा तर नागपूरच गाठावे लागते.

तेथे जाण्यासारखी ठिकाणे दोन. एक शहराच्या मध्यावरील महाराजबाग. भोसल्यांच्या जुन्या बागेत १८९४ साली हे प्राणिसंग्रहालय सुरू झाले, आणि ते कृषी महाविद्यालयाच्या देखरेखीखाली चालते. दुसरे गोरेवाडा. तेथील सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. तेथे माणसे बसमध्ये बंद असतात आणि प्राणी मोकळे असतात. पहिल्या ठिकाणी पायी फिरावे लागते, दुसऱ्या ठिकाणी बसच्या पायऱ्या चढून खिडकीशी जागा धरावी लागते. धडधाकट मुलाच्या हे ध्यानातही येत नाही.

सहलीची यादी करताना एक गोष्ट दरवर्षी घडते. पंचवीस-तीस नावे होतात. कोणाचेही नाव कोणी खोडत नाही, तरी काही नावे यादीत येतच नाहीत. ज्याचे पाय चालत नाहीत, जिला दिसत नाही, गर्दीचा गलबला झाला की जो कानांवर हात दाबून खाली बसतो, अशांची ती नावे असतात. शिक्षक विचारत नाहीत, कारण विचारले तर आई-बापांना अवघड वाटेल. आई-बाप सुचवीत नाहीत, कारण शिक्षकांना अवघड वाटेल. अशा परस्परांच्या भिडेत मूल घरी राहते.

एका आईला मी मुद्दाम विचारले. ती म्हणाली, "मास्तर, तुमी लेकरायले घेऊन जा. याले कायले नेता? तुमालेच तरास होईन." मुलगा अकरा वर्षांचा. जन्मापासून त्याचे पाय ताठ आहेत आणि बोलणे घरच्यांनाच उमगते. सरकारी शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल त्याला गावाच्या टोकापर्यंत नेते. पण ती बसमध्ये चढत नाही. आईने 'त्याला त्रास होईल' असे म्हटले नाही, 'तुम्हाला होईल' असे म्हटले, आणि तो दारातच बसून सारे ऐकत होता.

तेव्हा प्रश्न असा की, अशा मुलाला वाघ दाखविणे हे दयेचे काम आहे काय, म्हणजे जमले तर करावे, न जमले तर राहू द्यावे? की ते आपण त्याचे देणे लागतो?

हा प्रश्न क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. गावात अशा मुलाला शाळा नीट मिळत नाही, औषध वेळेवर मिळत नाही, तेथे वाघ पाहण्याचे काय एवढे? माझे म्हणणे असे की गोम येथेच आहे. दुःख हलके करण्याच्या कामात आपल्या मंडळ्या कधी मागे राहिल्या नाहीत. मिशनने दवाखाने काढले, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढले. मुंबईस १९०० साली मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधांची शाळा सुरू केली. केडगावी पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अंध स्त्रियांना ब्रेल शिकविले. या साऱ्यांबद्दल कृतज्ञता वाटावी तेवढी थोडीच. परंतु या कामांतून आपल्या मनाला एक सवय लागली. अपंग मनुष्य समोर आला की त्याला काय कमी आहे हेच आपण पाहतो. त्याला औषध द्यावे, कुबडी द्यावी, हाताला काम द्यावे, एवढे आपणांस कळते. त्याला मौज द्यावी हे सुचत नाही. मौज ही सारे पुरून उरले म्हणजे वाटावयाची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो, मात्र फक्त त्याच्यापुरते. आपल्या धडधाकट मुलाच्या सहलीला आपण 'उरलेल्यातून केलेला खर्च' म्हणत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना मफीबोशेथाची गोष्ट ठाऊक आहेच. तो पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला व दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दावीद राजाने त्याला लो-दबाराहून बोलावून आणले, आजोबांची शेती परत दिली आणि नित्य आपल्या पंक्तीला बसविले. ही गोष्ट आपण दावीदाच्या दयेची म्हणून सांगतो. मला तिच्यातील दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. दावीदाने त्याचे पाय बरे केले नाहीत, आणि पाय बरे होईतो पंक्ती थांबविलीही नाही. दुसऱ्या शमुवेलाचा नववा अध्याय संपतो तेव्हाही तो दोन्ही पायांनी लंगडाच आहे, असे शास्त्र मुद्दाम नोंदवते. आणि त्याला पंक्तीला बसविले ते कीव येऊन नव्हे. योनाथानाला दिलेल्या वचनामुळे. वचन पाळणे म्हणजे देणे फेडणे होय. याच पुस्तकात चार अध्याय आधी आंधळ्या-लंगड्यांनी घरात येऊ नये अशी म्हण पडल्याचेही लिहिले आहे, हे शिक्षकांनी मुलांपासून लपवू नये. एकाच राजाच्या चरित्रात दोन्ही गोष्टी आहेत.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातही लंगड्यांना व आंधळ्यांना बोलावणे आहे ते दवाखान्यात नव्हे, मेजवानीला आहे. मेजवानीत पोट भरते एवढेच नसते. हसणे असते, गप्पा असतात, शेजारी कोणीतरी बसलेले असते.

आता कायद्याकडे पाहू. भारतातील प्राणिसंग्रहालयांसाठी १९९२ साली जे नियम झाले त्यांत अपंग व चाकांच्या खुर्चीवरील प्रेक्षकांस आत येण्याची सोय असावी, असे लिहिले होते. अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा व्हावयाचा होता १९९५ साली. म्हणजे वाघ-सिंहांच्या नियमांत ही गोष्ट तीन वर्षे आधीच आली. पुढे २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार मान्य केला; त्यात करमणूक, फुरसत व खेळ यांत भाग घेणे हा हक्क म्हणून नमूद आहे. २०१६ च्या कायद्यातही संस्कृती व करमणूक यांसाठी वेगळे कलम आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, काही किमान गोष्टी सक्तीच्याच असल्या पाहिजेत. दरम्यान शब्दही बदलत गेले. पंगूचे अपंग झाले, अपंगाचे सरकारी कागदावर दिव्यांग झाले; कित्येकांना तो शब्द आवडतो, कित्येकांना स्वतःला मुळीच आवडत नाही. पंधरा सेंटिमीटरची पायरी मात्र शब्दाने उतरत नाही. बाराला एक या प्रमाणात तिला एकशे ऐंशी सेंटिमीटर लांब उतरण बांधावी लागते. हा हिशोब वाचकांनी आपापल्या चर्चच्या दाराशी जाऊन एकदा करून पाहावा.

पण उतरण बांधली की झाले, असेही नाही. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातांचे एकवीस प्रकार केले. त्यांत स्वमग्नता आली आणि सिकलसेल आला. या दुसऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो आमच्या घरातला आजार आहे. विदर्भात आणि लगतच्या मध्य प्रदेशात तो पुष्कळ आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले तेही मध्य प्रदेशातल्या शहडोल येथूनच. सिकलसेलचे मूल दिसावयास इतरांसारखेच असते. ते धावते, गाते, वचने पाठ म्हणून दाखविते. परंतु शरीरातले पाणी कमी झाले, अतिश्रम झाले, फार थंडी किंवा फार ऊन लागले, की त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात.

आता सहलीच्या दिवशी आपण काय सांगतो ते आठवावे. "पोरांनो, पाणी बेताने प्या, गाडी मध्ये थांबणार नाही." ही सूचना आपण सर्वांच्या सोयीसाठी देतो, आणि तीस मुलांत असे एक मूल असेल तर तेच बिचारे ती सर्वांत प्रामाणिकपणे पाळते. व्हीलचेअरवरील मुलांच्या आयाही असेच करतात. बाहेर आपल्या मुलाला वापरता येईल असे संडास-मोरीचे ठिकाण सापडेल याची खात्री नसते, म्हणून सकाळपासून त्याला पाण्याचा घोटही देत नाहीत. वाघ पाहावयाचा तर दिवसभर तहानेने राहावे, ही अट आपण कोठे लिहिलेली नाही. पण ती पाळली जाते. शिक्षकाने निघण्यापूर्वी आईशी पाच मिनिटे बोलावे, पाण्याची बाटली मुलाच्या स्वतःच्या हाती द्यावी, आणि दर तासाला सगळ्यांनाच सावलीत बसवावे. सगळ्यांनाच बसविले म्हणजे त्या एकाकडे बोट जात नाही.

स्वमग्न मुलांची अडचण निराळी. आपल्या कानांना जो आवाज नुसता मोठा वाटतो, तो यांतील काहींना घणासारखा लागतो. उग्र वास, अंगाला घासणारी गर्दी, अचानक बदललेला बेत, यांतले काहीही पुरते. मग मूल ओरडते, जमिनीवर लोळते, आणि येणारे-जाणारे म्हणतात, आईने लाडावून ठेवले आहे. अमेरिकेतील अनेक प्राणिसंग्रहालयांत अशा मुलांसाठी दाराशीच एक पिशवी मिळते. तीत आवाज दाबणारे कर्णबंद आणि हातांत चाळवावयाच्या लहान वस्तू असतात. बागेत शांत जागा कोठे आहे तेही सांगून ठेवलेले असते. आपल्याकडे अशी पिशवी मिळाली नाही तरी जानेवारीतली लोकरी कानटोपी पुरते नाही पण बरेच काम करते. आदल्या आठवड्यात चित्रे काढून 'आधी गाडी, मग फाटक, मग माकड, मग डबा' असा क्रम दाखवून ठेवावा. दार उघडताच, गर्दी होण्याआधी आत जावे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. ज्या शांततेची गरज त्या मुलाला आहे तिचीच गरज पिंजऱ्यातल्या प्राण्यालाही आहे. जाळीवर काठ्या आपटणारी, शिट्ट्या मारणारी सहल दोघांनाही सारखीच जाचते. एकासाठी गप्प बसावयास शिकविले तर दुसऱ्याला ते आपोआप मिळते.

आंधळ्या मुलीला प्राणिसंग्रहालयात कशाला न्यावे, असे एकदा एका गृहस्थांनी मला सरळ विचारले. उत्तर सोपे आहे. प्राणी हे केवळ रंग व पट्टे नव्हेत. मोराची केका, माकडांचा कलकलाट, पाण्यात शिरणाऱ्या सुसरीचा चुबुक असा आवाज, हे आपण डोळे उघडे असल्यामुळे ऐकतच नाही. सिंहाची गर्जना शांत रात्री आठ किलोमीटरवर ऐकू जाते. आणि वाघाचा तर वास असतो. आपल्या हद्दीची खूण म्हणून वाघ जो फवारा मारतो त्यात बासमती व आंबेमोहोर तांदळाला सुगंध देणारे द्रव्यच असते, असे शास्त्रज्ञ आर. एल. ब्रह्मचारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले. नवा भात शिजताना ज्या मुलीने तो वास घेतला आहे, तिला हे सांगून वाघाच्या जाळीपाशी उभे करावे. बाकीच्या एकोणतीस मुलांना जे कळले नाही ते कदाचित तिलाच कळेल, आणि मग ती त्यांना सांगेल. बहिऱ्या मुलाचे काम त्याहून सोपे. त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे आणि फलक वाचावयास त्याला वेळ द्यावा.

या सर्वांहून अवघड गोष्ट म्हणजे लोकांचे पाहणे. व्हीलचेअरवरचे मूल पिंजऱ्यापुढे आले की चार माणसे पिंजऱ्याकडे पाठ करून मुलाकडे पाहू लागतात. कोणी चुचकारते, कोणी आईला विचारते, "असा कसा झाला?" तिकीट काढून आलेले मूल क्षणात स्वतःच पाहण्याची वस्तू होते. प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासात हे याहून भयंकर रूपात घडलेले आहे. १९०६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स येथील प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या कांगोतील तरुणाला माकडांच्या घरात ठेवून लोकांना दाखविण्यात आले. हजारो लोक पाहावयास गेले. त्याविरुद्ध उठले ते तेथील कृष्णवर्णीय बाप्तिस्त पाळक; अनाथालय चालविणारे रेव्हरंड जेम्स गॉर्डन त्यांत पुढे होते, आणि महिना संपण्यापूर्वी त्याला तेथून काढून त्या अनाथालयात आणले गेले. ओटा बेंगा अपंग नव्हता. पण कोणी पाहावे आणि कोणाकडे पाहिले जावे, हा प्रश्न तोच आहे. सहलीतल्या मोठ्या मुलांना यासाठी एक काम सांगता येते. गर्दी वळलीच तर त्यांनी मित्राच्या खुर्चीभोवती उभे राहून वाघाविषयी त्याच्याशी बोलू लागावे. मुले ते फार चांगले करतात, मोठ्यांना जमत नाही.

याला उपाय म्हणून काही ठिकाणी वेगळा दिवस ठेवतात. हॉलंडमधील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाने १९९६ साली आजारी मुलांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवली. मुले व त्यांच्या घरचे तेवढेच पाहुणे. ती प्रथा पुढे अनेक देशांत पसरली. त्या संध्याकाळी कोणी टक लावून पाहत नाही, रांग नसते, आणि भावंडांनाही एक दिवस 'आमचा दादा असा आहे' हे समजावून सांगावे लागत नाही. मला ही प्रथा चांगली वाटते. पण ती पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे ३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन येतो; भाषणे होतात, फळे वाटतात, छायाचित्र निघते आणि ४ डिसेंबरला सर्व काही पूर्ववत होते. वेगळा दिवस हा ज्याला गर्दी सोसत नाही त्याच्यासाठी ठेवावा; ज्यांना त्याची गर्दीतली उपस्थिती सोसत नाही त्यांच्या सोयीसाठी नव्हे.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. तीस मुले, दोन शिक्षक, परके शहर. एका मुलाला उचलून न्यावयाचे तर एक शिक्षक त्यातच गुंततो, आणि उरलेल्यांतले एखादे हरवले तर जाब कोण देणार? ही भीती खरी आहे. तिला उत्तर भक्तीचे नाही, माणसांचे आहे. ज्या घरचे मूल येणार आहे त्या घरातील एक जण आणि तरुण संघातील दोन दणकट मुले सोबत घ्यावीत, त्यांचे तिकीट मंडळीने काढावे. तीनचाकी सायकल घरीच ठेवावी. घडीची व्हीलचेअर एखाद्या दवाखान्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणता येते. प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असते. तो वार, आणि आत फिरावयास काय वाहन मिळते, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी तक्रार अशी की एकासाठी सगळ्यांनी सावकाश चालावयाचे तर निम्मे प्राणी पाहावयाचे राहतील. राहतील खरेच. ज्यांना शंका असेल त्यांनी एकदा घड्याळ लावून मुले एकेका पिंजऱ्यापुढे किती वेळ थांबतात ते पाहावे. तरीही हा तोटा नाहीच असे मी म्हणत नाही. तो आहे, आणि तो इतर मुलांनी सोसावा असेच माझे म्हणणे आहे. घरात आजी सोबत असली की सगळे घर तिच्या पावलाने चालते आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही.

राहता राहिले ते मूल. त्याला न्यावे की नाही यावर शिक्षक, आई, पाळक सर्व बोलतात. त्याला कोणी विचारीत नाही. बोलता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवून विचारता येते. 'नाही' म्हणण्याचाही त्याला तितकाच हक्क आहे, आणि आपल्या चांगुलपणासाठी कोणाला ओढून नेऊ नये. एका मुलीने वाघाचे चित्र बाजूला सारले आणि गाडीच्या चित्रावर बोट ठेवले. तिला बाहेरच्या आवाजांची फार भीती. पण रुळांचा एकसारखा ठेका तिला आवडतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले. पांढुर्ण्याहून नागपूरपर्यंत ती खिडकीशी बसली. नरखेड गेले, काटोल गेले, तिने मान वळविली नाही. नागपूरला मुले बागेत गेली तेव्हा ती आणि तिची मावशी स्टेशनच्या बाकावरच थांबल्या आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत बसल्या.